फ्लोरिडातली 'जनरल नॉलेज' परीक्षा : शाळेत शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी थोडी माहिती, थोडे अनुभव



यंदा गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत उभे असताना दोघीतिघींनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. "इथल्या शाळेत शिकवायचं तर जनरल नॉलेजची परीक्षा द्यावी लागते म्हणे. मग भारतातून कुठलं पुस्तक मागवायचं?"

प्रश्न ऐकून हसू आलं, कारण आम्हीही तेच केलं होतं! शाळेच्या ऑफिसातून "यू विल नीड द जनरल नॉलेज टेस्ट" एवढंच कळलं, आणि आम्ही लगेच पुण्याला फोन लावला. आई-बाबा उन्हाळ्यात येणारच होते. त्यांनी अप्पा बळवंत चौकातून सामान्यज्ञानाची चांगली जाडजूड दोन पुस्तकं आणली, तीही भाजणी आणि गोडा मसाला बॅगेतून कमी करून. देशांच्या राजधान्या, चलनं, नद्या, पहिले-पहिल्या, सगळं त्यात होतं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची यादी आम्ही वेगळी पाठ केली. तीन आठवड्यांनी परीक्षेची अधिकृत माहितीपुस्तिका उघडली तेव्हा कळलं, की यातलं काहीसुद्धा परीक्षेत नाही. एकही राजधानी नाही, एकही नदी नाही.

म्हणून हा लेख. तुमचे तरी तीन आठवडे (आणि भाजणी) वाचावी.

आधी आमच्याबद्दल दोन ओळी, कारण त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. आमच्यातला एकजण इंजिनिअर, आयटीत. दुसरी बी.एस्सी., बी.एड., नाशिकला मराठी माध्यमाच्या शाळेत सहा वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलेली. लग्नानंतर एच-४ व्हिसावर इथे आली आणि घरी बसली. २०१५ मध्ये नियम बदलला आणि ज्यांच्या जोडीदाराचा आय-१४० मंजूर झाला आहे अशा एच-४ वाल्यांना वर्क परमिट मिळू लागलं. आमचा नंबर लागायला त्यानंतरही बराच काळ गेला. परमिट हातात आलं तेव्हा तिला एवढंच हवं होतं, पुन्हा वर्गात उभं राहायचं. या परीक्षेचं नाव साधंसं असलं तरी आमच्या घरात ती किती मोठी गोष्ट होती, हे त्यावरून कळेल.

तर, ही परीक्षा आहे काय? फ्लोरिडात शिक्षकांच्या प्रमाणपत्रासाठी ज्या परीक्षा असतात त्यांना एफटीसीई म्हणतात. त्यात साधारण तीन टप्पे : जनरल नॉलेज, प्रोफेशनल एज्युकेशन (म्हणजे आपल्या बी.एड.च्या जवळचं) आणि तुम्ही जो विषय शिकवणार त्याची परीक्षा. २००२ पर्यंत पहिल्या टप्प्याच्या जागी क्लास्ट नावाची परीक्षा होती, तिच्या जागी ही आली. 'जनरल नॉलेज'चा इथला अर्थ असा, की कोणताही विषय शिकवणाऱ्या माणसाला लिहिता, वाचता आणि हिशेब करता यावा. बस. तिचे चार भाग आहेत : निबंध, इंग्रजी भाषा, वाचन आणि गणित. निबंधाला ५० मिनिटं. इंग्रजीचे साधारण ४० प्रश्न, ४० मिनिटांत. वाचनाचे साधारण ४० प्रश्न, ५५ मिनिटांत. गणिताचे साधारण ४५ प्रश्न, १०० मिनिटांत. निबंध सोडून सगळे प्रश्न पर्यायी उत्तरांचे, आणि सगळी परीक्षा संगणकावर. चारही भाग एकाच दिवशी द्यायची सक्ती नाही. जो भाग सुटला तो सुटला, राहिला तेवढाच परत द्यायचा. हे आधी कळलं असतं तर आम्ही पहिल्याच दिवशी चारही अंगावर घेतले नसते. एकूण चार तासांच्या वर जातात, आणि शेवटच्या भागापर्यंत डोकं दगड होतं.

पैसे भरण्याआधी एक गोष्ट मात्र जरूर करा. ही परीक्षा तुम्हाला लागतेच का, ते पाहा. फ्लोरिडाच्या शिक्षण खात्याकडे प्रमाणपत्राचा अर्ज केला की ते एक 'स्टेटमेंट ऑफ स्टेटस ऑफ एलिजिबिलिटी' पाठवतात. तुमचं काय पूर्ण आहे आणि काय बाकी आहे, याची ती यादीच असते. मान्यताप्राप्त विद्यापीठाची मास्टर्स पदवी असेल तर जनरल नॉलेजमधून सूट मिळण्याची तरतूद आता कायद्यात आहे, आणि जीआरईचे ठराविक गुणही चालतात. आपल्यातल्या कित्येकांनी इथे एम.एस. केलेलं आहे, त्यांनी हे आधी विचारून घ्यावं. (जीआरईचे गुण पाच वर्षांनंतर पाठवता येत नाहीत, तेव्हा आपले १९९९ चे गुण विसरा.) भारतातल्या पदवीचं मूल्यमापन खात्यानं मान्य केलेल्या संस्थेकडूनच करून घ्यावं लागतं. तीन वर्षांची बी.एस्सी. एकटी पुरेल असं गृहीत धरू नका, सोबत बी.एड.च्याही गुणपत्रिका पाठवा. आणि नावांचा घोळ! बी.एड.च्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मधे एकदा वडिलांचं आणि एकदा नवऱ्याचं नाव. लग्नाचा दाखला इंग्रजीत करून जवळ ठेवा, आणि परीक्षेची नोंदणी ओळखपत्रावर जसं नाव आहे अगदी तशीच करा.

दुसऱ्या राज्यांतल्या मित्रमंडळींसाठी : प्रत्येक राज्याचं वेगळं असतं. बऱ्याच ठिकाणी प्रॅक्सिस कोअर असते, तिचा घाट पुष्कळसा असाच. न्यू जर्सीनं तर २०२५ च्या १ जानेवारीपासून अशी मूलभूत कौशल्यांची परीक्षा काढूनच टाकली. तिकडच्या नातेवाइकांना जुनी माहिती सांगू नका.

आता निबंध. यावर जरा जास्त लिहितो, कारण आम्ही इथेच आपटलो.

दोन विषय देतात, त्यातला एक निवडायचा. निबंधाला १२ पैकी गुण असतात आणि उत्तीर्ण व्हायला ८ लागतात. आमच्या शिक्षिकेला पहिल्या वेळी ६ मिळाले. सहा वर्षं दुसऱ्यांचे पेपर तपासलेल्या बाईला निबंधात नापास होणं कसं लागलं असेल ते सांगायला नको. आठवडाभर लॅपटॉप उघडला नाही. "आपलं इंग्रजीच तसलं" असं एकदा बोलूनही झालं. पण नंतर तिनं तोच निबंध आठवून घरी पुन्हा लिहून काढला आणि आम्ही दोघांनी तो शांतपणे वाचला, तेव्हा दिसलं की भाषा ठीकच होती. (विषय सांगत नाही, परीक्षेआधी तशी संमती घेतात.) घोटाळा वेगळाच होता. आपण शाळेत जसा निबंध लिहायला शिकलो तसाच तो होता! सुरुवातीला एक सुविचार. मग या बाजूचे लोक असं म्हणतात, त्या बाजूचे तसं म्हणतात. दोन्हींत तथ्य आहे. आणि शेवटी सुवर्णमध्य. आपल्याकडे याला समतोल म्हणतात आणि बाई शाबासकी देतात. इथल्या परीक्षकाला मात्र पहिल्या परिच्छेदातच कळायला हवं, की लिहिणाऱ्याचं मत काय. ते एका सरळ वाक्यात. त्यानंतर प्रत्येक परिच्छेदात एकच कारण आणि त्याला धरून एखादं खरंखुरं, नेमकं उदाहरण. "शिक्षणाने माणूस घडतो" हे उदाहरण नव्हे. "माझ्या वर्गात एक मुलगा अपूर्णांक पाहिला की वही मिटायचा, त्याला पोळीचे तुकडे करून दाखवले" हे उदाहरण.

आम्ही मग असं ठरवलं. रोज रात्री मुलगी झोपली की एक विषय घ्यायचा. 'शाळेत मोबाईल असावेत का', 'गणवेश हवा का', 'गृहपाठ बंद करावा का' असे आपणच बनवायचे. पहिली ८ मिनिटं नुसता कागदावर आराखडा : मत, दोन-तीन कारणं, प्रत्येकाला उदाहरण. मग ३५ मिनिटं टायपिंग, उरलेल्या वेळात वाचून दुरुस्ती. घड्याळ लावूनच. आणि हो, लिहिताना वर्डचं लाल-निळं अधोरेखन बंद करून ठेवायचं. आमच्यातल्या इंजिनिअरला हे पटत नव्हतं. एकदा त्यानं स्वतः बसून लिहिलं आणि चुका मोजल्या, मग गप्प बसला. वीसेक निबंध झाले असतील. दुसऱ्या वेळी भाग सुटला.

गणिताबद्दल आपल्या सगळ्यांचा एक गोड समज असतो. "गणित काय, ते तर आपलंच!" आम्हीही तसेच. इंजिनिअरसाहेबांनी तर सराव परीक्षा जेवताना, एका हाताने सोडवायला घेतली. निम्मी झाल्यावर ताट बाजूला सरकवलं.

गणित आठवी-नववीच्या पलीकडचं नाही, हे खरं. पण ते त्यांच्या मापांत आणि त्यांच्या शब्दांत आहे. समजा, तीन गॅलन सरबत आहे आणि सहा औंसाच्या पेल्यातून वाटायचंय, तर किती पेले? लिटरमध्ये वाढलेला माणूस इथे अडतो. ८ औंसांचा एक कप, २ कपांचा पिंट, २ पिंटांचा क्वार्ट, ४ क्वार्टांचा गॅलन. म्हणजे गॅलनला १२८ औंस, तीनला ३८४, आणि पेले ६४. सूत्रं आणि मापांचा तक्ता पडद्यावर मिळतो, पण दर वेळी तिकडे बघत बसलं की मिनिटं जातात. आम्ही तक्ता फ्रिजवर लावला आणि महिनाभर दूध, तेल, डाळी सगळं औंस-पौंडात बोललो. क्वार्टर, डाइम, निकेल यांची गणितं मुलीनं शिकवली.

शब्दांचा सापळा मराठी माध्यमवाल्यांना जास्त. मध्यक म्हणजे मीडियन, बहुलक म्हणजे मोड, रेषेचा चढ म्हणजे स्लोप, समलंब चौकोन म्हणजे ट्रॅपेझॉइड. (आपल्या इंग्रजी माध्यमात त्याला ट्रॅपेझियम म्हणत, तेही इथे चालत नाही.) सगळ्यात फसवा जोड म्हणजे कॉम्प्लिमेंटरी आणि सप्लिमेंटरी कोन. 'कॉम्प्लिमेंटरी' ऐकलं की मनात आपोआप 'पूरक' येतं आणि आपण बेरीज १८० अंश धरतो. पण आपल्या पाठ्यपुस्तकातला पूरक कोन म्हणजे सप्लिमेंटरी. कॉम्प्लिमेंटरी म्हणजे आपला कोटिकोन, बेरीज ९०. गणिताच्या बाईंचे सरावात यावर दोनदा गुण गेले!

तसंच कंचेभागुबेव. त्यात बेरीज आधी, वजाबाकी नंतर असा क्रम आहे म्हणून २० − ५ + ३ चं उत्तर १२ काढू नका. बेरीज-वजाबाकी डावीकडून जशी येईल तशी करायची, उत्तर १८. इथली मुलं पेमडास म्हणतात, त्यातही गुणाकार-भागाकाराचा असाच गोंधळ करतात. पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो तो साधा, चार क्रियांचा. अशा कॅल्क्युलेटरवर २ + ३ × ४ सरळ दाबत गेलं तर १४ ऐवजी २० येऊ शकतात. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर वाढलेल्या इंजिनिअरांनी विशेष जपावं.

आणि सगळ्यात मोठा वाटा कशाचा, तर सांख्यिकी आणि संभाव्यतेचा. गणिताचे जवळजवळ एक तृतीयांश प्रश्न त्यावर. बीजगणित आणि आलेख त्याच्या खालोखाल. आपल्याकडे सांख्यिकी म्हणजे पुस्तकाचं शेवटचं प्रकरण, बहुतेक वेळा घाईत उरकलेलं. इथे ती तिसरी-चौथीपासून असते. बॉक्स प्लॉट आम्ही दोघांनी आयुष्यात काढला नव्हता. तो दिसला की वाटतं, लांब चौकटीत जास्त आकडे असणार. तसं नाही. चारही तुकड्यांत पाव-पावच आकडे असतात, लांब तुकडा म्हणजे ते जास्त पसरलेले. सरासरी आणि मध्यक यांतलं नेमकं कोणतं योग्य, असेही प्रश्न येतात. ३, ३, ४, ५, २५ घ्या : सरासरी ८, मध्यक ४, बहुलक ३. एकट्या २५ नं सरासरी वर ओढली, म्हणून 'साधारण' आकडा सांगायला मध्यक बरा. मुलीच्या पाचवीच्या वहीतून आम्ही हे शिकलो, आणि ती फार खुशीत होती.

इंग्रजी भाषेच्या भागात निम्मे प्रश्न व्याकरण, विरामचिन्हं आणि स्पेलिंगच्या नियमांवर असतात. उरलेले शब्द आणि वाक्यरचना. आम्हाला इथे एक गोष्ट उशिरा उमगली : आपल्या चुका बहुतेक मराठीतून येतात, आणि त्या ठरलेल्या असतात. मराठीत 'अ', 'द' नाहीत, म्हणून ते गळतात नाहीतर भलतीकडे चिकटतात. "घरी येताना पाऊस लागला" हे मराठीत अगदी बरोबर आहे. इंग्रजीत तसंच "कमिंग होम, द रेन स्टार्टेड" लिहिलं, तर पाऊसच घरी येत होता असा अर्थ होतो. "पाऊस आला, आम्ही निघालो" यात मराठी स्वल्पविराम चालतो. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडली की ती चूक, आणि हा प्रश्न हमखास येतो. शिवाय 'वन ऑफ माय फ्रेंड', 'डिस्कस अबाउट', 'फर्निचर्स' ही आपली खास मंडळी. वीसेक वर्षं ऑफिसात कुणी टोकत नाही, म्हणून ती बरोबर वाटायला लागतात. आम्ही एक वही केली आणि सरावात जी चूक झाली ती मराठी वाक्यासकट त्यात लिहीत गेलो. तीस-चाळीस नोंदींनंतर नव्या चुका फारशा सापडेनात, त्याच त्या फिरून येत होत्या. मोठमोठ्या व्याकरणाच्या पुस्तकांपेक्षा त्या वहीचा उपयोग झाला. ब्रिटिश-अमेरिकन फरकही पाहून ठेवा : 'कलर'मध्ये यू नाही, आणि पूर्णविराम अवतरणचिन्हाच्या आत जातो.

वाचनाबद्दल एकच सांगतो. उत्तर उताऱ्यात आहे, तुमच्या डोक्यात नाही. समजा, उतारा एव्हरग्लेड्सच्या पाण्याबद्दल आहे आणि एका पर्यायात लिहिलंय, की तिथलं राष्ट्रीय उद्यान १९४७ मध्ये सुरू झालं. ते खरं आहे, तुम्हाला ठाऊकही आहे. पण उताऱ्यात नसेल तर ते उत्तर चूक. शिकलेली, वाचलेली माणसं इथे जास्त फसतात. नाव जनरल नॉलेज, आणि त्यात स्वतःचं जनरल नॉलेज वापरायला मनाई! प्रश्नामागे दीड मिनिटही मिळत नाही, म्हणून आधी प्रश्न वाचून मग उताऱ्याकडे जा.

अभ्यासासाठी पैसे फार लागत नाहीत. एफटीसीईच्या अधिकृत साइटवर प्रत्येक भागाची माहितीपुस्तिका फुकट आहे, नमुना प्रश्न आणि उत्तरांसकट. सरावाची पुस्तकं काउंटीच्या ग्रंथालयात मिळतात, फक्त आवृत्ती नवी आहे ना ते पाहा. फी आणि पुन्हा बसण्याचे नियम अधूनमधून बदलतात, तेही साइटवरच बघा, कुणी तीन वर्षांपूर्वी सांगितलेल्यावर जाऊ नका. तात्पुरत्या प्रमाणपत्रावर नोकरी आधी सुरू करता येते. पण ते झालं की "बघू नंतर" होतं, आणि मुदत संपत येते तेव्हा हातात शंभर पोरांचे पेपर असतात. जमलं तर आधीच उरकून टाका.

आमची शिक्षिका ऑगस्टपासून एका मिडल स्कूलमध्ये सहावीला गणित शिकवते आहे. पहिल्याच आठवड्यात वर्गात बॉक्स प्लॉट काढायची वेळ आली. शनिवारी सकाळी आम्ही ग्रंथालयात असतो, सध्या आणखी दोघीजणी येतात. यायचं असेल तर ५० मिनिटं लावून लिहिलेला एक निबंध घेऊन या, आपण तो एकत्र वाचू. राजधान्यांची ती दोन पुस्तकंही घरात पडून आहेत, कोजागिरीच्या प्रश्नमंजूषेसाठी कुणाला हवी असतील तर सांगा.